सचखंडनं हंसांच्या मुलखात

करडा हंस महाराष्ट्रात क्वचितच उतरतो. गुलाबी चोच, जाड मान, अंगानं थोराड असा हा पक्षी पंजाब-राजस्थानपर्यंत येतो आणि बहुतेक करून तिथंच हिवाळा काढतो. त्याला थव्यानं पाहायचं तर उत्तरेला जाण्यावाचून इलाज नाही. नांदेडकरांची सोय अशी, की त्या मुलखात जाणारी गाडी रोज सकाळी त्यांच्याच स्टेशनातून सुटते. हजूर साहिब नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतर दीड दिवसात कापते. अमृतसरपासून साठेक किलोमीटरवर, बियास आणि सतलज जिथं मिळतात तिथं, हरिकेचं अफाट पाणी आहे. लातूरच्या माणसानं परभणीला येऊन हीच गाडी धरावी.

कुठं जायचं हे असं एका दमात सांगून होतं. कधी जायचं, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर वेळापत्रकात सापडत नाही. त्यासाठी आधी आपल्याच धरणाच्या काठावर काही सकाळी बसावं लागतं.

पावसाळा सरला की बदकं-हंसांच्या मागं निघायचं, ही चाल मुळात शिकाऱ्यांची. उत्तर अमेरिकेत ती आजही चालू आहे, कायद्यानं आणि परवान्यानं. अमेरिकेतल्या शिकाऱ्याला १९३४ पासून दरवर्षी सरकारी ‘डक स्टॅम्प’ विकत घ्यावा लागतो आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी राखल्या जातात. बंदूक न धरणारे पक्षिप्रेमीही हा स्टॅम्प हौसेनं घेतात. आपल्याकडं शिकारीचा इतिहास वेगळ्या वळणानं गेला. राजस्थानातलं भरतपूरचं केवलादेव हे संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठीच राखलेलं पाणी. तिथं दगडात कोरलेली एक यादी आजही उभी आहे : कोणत्या तारखेला, कोणता पाहुणा, किती बंदुका, किती पक्षी. नोव्हेंबर १९३८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले, हा तिथला सर्वांत मोठा आकडा. तो दगड जरूर वाचावा. एका दिवसात चार हजार पक्षी मारता येतील इतके पक्षी त्या पाण्यावर होते, हेही त्यातूनच कळतं. त्याच केवलादेवला १९८१ मध्ये पाणथळांच्या रामसर यादीत आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं.

मराठवाड्यातही शिकारीची आठवण ठिकाणांच्या नावांत आहे. नांदेडजवळ गोदाकाठी शिकारघाट हा गुरुद्वारा आहे. गुरू गोविंदसिंग तिथं शिकारीला जात, असं परंपरा सांगते. जुन्या जाणत्या माणसांकडं बंदुकीच्या, फाशांच्या, जाळ्यांच्या गोष्टी असतात. त्या ऐकाव्यात, कारण पाखराच्या सवयी त्यांच्याइतक्या बारकाईनं फार थोड्यांनी पाहिल्या आहेत. फक्त कायदा स्पष्ट ठाऊक हवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना घेऊन काही प्राण्यांच्या शिकारीची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ती गेली. आज भारतात रानबदकाची किंवा हंसाची शिकार कुठल्याही राज्यात, कुठल्याही महिन्यात गुन्हा आहे. फासा लावणं, जाळं टाकणं, विष घालणं, अंडी-घरटी मोडणं हे सगळं शिकारीतच मोडतं. साधारण शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत किमान तीन वर्षं कैद. एखाद्या धाब्यावर कुणी कानाशी येऊन ‘रानबदक मिळेल’ म्हणाला, तर खाणाराही त्या गुन्ह्यात ओढला जातो.

शिकाऱ्याकडून घेण्यासारख्या गोष्टी मात्र पुष्कळ आहेत. तो वारा बघतो. बदक वाऱ्याकडं तोंड करून उठतं आणि वाऱ्याकडं तोंड करूनच उतरतं; त्यामुळं वारा पाठीशी असला की उतरणारा थवा समोरून, छाती दाखवत येतो. तो अंधार असतानाच जागेवर जाऊन बसतो. उजाडल्यावर काठानं चालत गेलेल्या माणसाला फक्त उडालेल्या पाखरांच्या पाठी दिसतात. तो उभा राहत नाही, झुडपाच्या किंवा बांधाच्या आडोशाला खाली बसतो, कारण पाण्यावरच्या पाखराला क्षितिजावर उमटलेली उभी माणसाची आकृती सर्वांत आधी खुपते. दुर्बीणवाल्यानं यात एकच गोष्ट जोडायची : सूर्य पाठीमागं हवा. वारा आणि सूर्य दोन्ही साधत नसतील तर सूर्य साधावा. उन्हाच्या दिशेला पाहिलं तर चक्रांग आणि थापट्या दोन्ही काळेच दिसतात.

हे सगळं शिकायला पंजाब लागत नाही. नांदेडला विष्णुपुरीचा शंकरसागर जलाशय शहराला लागूनच आहे. कंधारकडं मानारचं पाणी आहे, लोह्याकडं लिंबोटीचं. लातूरकरांना तावरजा, रेणा, उदगीरच्या बाजूला तिरू, आणि थोडं दूर गेलं तर मांजरा. दोन-तीन दिवस हाताशी असतील तर पैठणला जायकवाडी धरणाचा नाथसागर. १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालेल्या या उथळ, पसरट पाण्यात मराठवाड्यातला सर्वांत मोठा हिवाळी मेळा भरतो.

घरच्या पाण्यावर पहिली गोष्ट शिकायची ती पाण्याची पातळी वाचायला. धरण शंभर टक्के भरलं की गावाला आनंद होतो. बदकांना तेवढा होत नाही. काठोकाठ भरलेल्या धरणाचे काठ खोल असतात आणि पाण्यावर तरंगून फक्त डोकं बुडवणाऱ्या बदकाची मान तळापर्यंत पोचत नाही. रब्बीची आवर्तनं सुटायला लागली, पाणी हळूहळू उतरलं, चिखलाचे पट्टे उघडे पडले, की पाखरं काठाला येतात. पुढं गाळपेराच्या जमिनीत हरभरा-गहू उगवला की हंसही येतात. म्हणून वर्तमानपत्रात रोज येणारी धरणसाठ्याची टक्केवारी पक्षी पाहणाऱ्यानंही वाचावी. दुष्काळी वर्षाचं गणित निराळं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा वर्षात लहान तलाव हिवाळ्यातच आटतात आणि पाखरं उरल्यासुरल्या मोठ्या पाण्यावर गोळा होतात. त्या वर्षी छोट्या तलावांवर सकाळ वाया घालवू नये.

दुसरी गोष्ट, बदकांचे दोन स्वभाव ओळखायचे. एका पाण्यावर दोन्ही स्वभावांचे पक्षी असतील तर एक तास फक्त त्यांची शेपूट बघत बसा. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, गडवाल ही उथळ पाण्यातली मंडळी. ती डोकं खाली, शेपूट आभाळाकडं अशी उभी होतात आणि मान लांबवून तळातलं खातात. तलवार बदकाची मान सर्वांत लांब, म्हणून ते त्यातल्या त्यात खोल पाण्यात. चक्रांग अगदी काठाशी. थापट्या तर बुडतही नाही फारसा. पसरट चोच पाण्यावर टेकवून गोल गोल फिरत चाळत राहतो. आता आत, खोल पाण्याकडं बघा. तिथली लालसरी आणि शेंडी बदक एकदम गायब होतात आणि बऱ्याच वेळानं दुसरीकडंच वर येतात. उडतानाही फरक लगेच कळतो. चक्रांग पाण्यातून सरळ वर उसळतो, लालसरीला पाण्यावर धावत वेग घ्यावा लागतो. हा भेद नजरेत मुरला की उत्तरेत समोर हजारो पक्षी असले तरी माणूस गोंधळत नाही. कुठं काय शोधायचं हे त्याला पाण्याची खोली सांगते.

तिसरी गोष्ट तारखेवर परिणाम करते, म्हणून ती नीट समजून घ्यावी. विणीचा हंगाम संपला की नर बदकं आपला रंगीत पिसारा टाकतात आणि मादीसारखी तपकिरी होतात. त्याच काळात पंखांची मोठी पिसंही एकदम झडतात आणि काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. नवी पिसं आल्यावर ती दक्षिणेकडं निघतात, पण अंगावरचा रंग पुरता आलेला नसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याकडं पोचलेले बरेचसे नर म्हणूनच फिकट, गबाळे, ओळखू न येणारे असतात. पुस्तकातल्या चित्रात चक्रांगाच्या डोक्यावर हिरवा पट्टा असतो आणि समोर मात्र नुसतं तपकिरी बदक. पहिल्यांदा जाणारा माणूस इथंच हिरमुसतो. नोव्हेंबर सरता सरता रंग भरतो आणि डिसेंबरात नर झळझळीत दिसतात.

याला पंजाबच्या हवेची जोड द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भाताची काढणी होते, खुंट जाळले जातात आणि आभाळ धुरानं भरतं. दुर्बिणीतून पलीकडचा काठ दिसेनासा होतो. डिसेंबरचा मध्य ओलांडला की दाट धुकं सुरू होतं. सकाळी दहापर्यंत पाणीच दिसत नाही आणि दिल्लीकडच्या गाड्या तासन् तास उशिरा धावतात. या दोन अडचणींच्या मध्ये एक फट आहे : नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आणि डिसेंबरचा पहिला. पहिल्या फेरीसाठी मी हीच तारीख सुचवेन. पक्ष्यांची संख्या जानेवारीत जास्त असते हे खरं, पण न दिसणारी संख्या काय कामाची? दुसरी फट फेब्रुवारीत मिळते, धुकं विरल्यावर आणि पाखरं परतायच्या आधी.

तारीख ठरली की तिकीट. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. सचखंडला बारमाही गर्दी असते, आणि दिवाळी, नांदेडचा गुरुतागद्दीचा सोहळा, कार्तिक पौर्णिमेची गुरुनानक जयंती या काळात तर जागा मिळणं अवघड. नोव्हेंबरअखेरची तारीख इथंही उपयोगी पडते, गर्दीची मोठी लाट बहुतेक वर्षी तोवर ओसरलेली असते. या गाडीतल्या प्रवाशांना वाटेतल्या स्टेशनांवर शीख सेवेकरी लंगर वाढतात, त्यासाठी ताट-वाटी जवळ ठेवायची पद्धत आहे. आपणही ठेवावी.

हरिकेचं पाणी नैसर्गिक तलावाचं नाही. १९५२ च्या सुमारास बियास-सतलजच्या संगमाखाली बंधारा बांधला गेला, पाणी मागं पसरलं आणि पाणथळ तयार झालं. राजस्थानच्या वाळवंटात जाणारा इंदिरा गांधी कालवा इथल्याच पाण्यावर चालतो. १९९० पासून हे रामसर स्थळ आहे. माणसानं सिंचनासाठी अडवलेलं पाणी पाखरांनी आपलंसं केलं, ही गोष्ट जायकवाडीच्या लोकांना वेगळी सांगायला नको. जलपर्णीचा त्रास तिथंही आहे, आपल्यासारखाच. अभयारण्यात जाण्यासाठी वनविभागाची परवानगी लागते. अमृतसरला पोचल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच चौकशी करून ठेवावी. ड्रोन नेऊ नये. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावून त्यांना बोलावू नये.

हरिकेला काय दिसेल? गडवाल, तरंग बदक, तलवार बदक, लालसरी, शेंडी बदक, चक्रवाक, आणि काळ्याभोर अंगाच्या, पांढऱ्या कपाळाच्या वारकऱ्यांची गर्दी. वारकरी हे बदक नव्हे, पाणकोंबडीच्या कुळातला पक्षी आहे, पण लांबून मोजताना तो हमखास बदकांत मिसळतो. करडा हंस इथं शोधावा. आणि बियासच्या पात्राकडं अधूनमधून नजर टाकावी. २००७ मध्ये या नदीत सिंधू डॉल्फिन पुन्हा सापडला. भारतात त्याचं हे एकमेव घर उरलं आहे.

वेळ आणि हाडांत दम असेल तर बियासच्या काठानं उलटं, वर जावं. पठाणकोटहून रस्त्यानं हिमाचलातल्या पोंग धरणावर पोचता येतं. तिथल्या हिवाळी गणतीत एक लाखाच्या आसपास पाणपक्षी भरतात आणि त्यांत पट्टकदंब हंसांची संख्या सर्वांत मोठी असते. पाठीमागं धौलाधारचा बर्फ, पुढं उतरत्या पाण्यानं मोकळ्या केलेल्या गवताळ काठावर हंसांचे कळप. पट्टकदंब आपल्या मराठवाड्यातही येतो, पण शेकड्यांनी. हजारोंनी पाहायचा तर पोंग.

या हंसासाठी थोडं थांबलं पाहिजे. पांढऱ्या डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, फिकट राखाडी अंग, पिवळसर चोच आणि पाय. तो मंगोलिया, तिबेट, चीनमधलं चिंगहाई सरोवर आणि आपल्या लडाखमधल्या त्सो मोरिरीसारख्या तलावांवर वीण करतो आणि हिमालय ओलांडून खाली येतो. शास्त्रज्ञांनी उपग्रहाशी जोडलेली यंत्रं पाठीवर बांधून त्याचा मार्ग तपासला तेव्हा सर्वांत उंच नोंद ७,२९० मीटरची निघाली. बहुतेक प्रवास मात्र तो याहून बराच खालून, डोंगराच्या चढ-उताराला धरून करतो. सपाट उंचीवर तरंगत राहण्यापेक्षा दरीत उतरून पुन्हा चढणं त्याला स्वस्त पडतं, कारण खालची दाट हवा पंखांना जास्त आधार देते. तो चढाई बहुधा रात्री किंवा पहाटे करतो, तेव्हा हवा थंड आणि दाट असते. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन मैदानी हंसांपेक्षा प्राणवायू घट्ट धरतं, फुप्फुसं मोठी असतात आणि तो खोल श्वास घेतो. एवढ्या तयारीच्या बळावर तो वाऱ्याच्या पाठबळाची वाट न बघता स्वतःच्या पंखांवर चढतो, हे मला थक्क करतं.

कळप दिसला की नुसती संख्या लिहून पुढं जाऊ नका. हंस हिवाळ्यातही कुटुंबानं राहतात. त्या वर्षीच्या पिल्लांच्या डोक्यावर ते दोन पट्टे नसतात. माथा आणि मानेची मागची बाजू सलग गडद असते. दोन पट्टेवाले आणि त्यांच्यालगत दोन-तीन बिनपट्ट्याचे असा गट दिसला तर ते आई-बाप आणि पिल्लं. शंभर हंसांत अशी पिल्लं किती, हे मोजलं की तिबेट-मंगोलियात त्या उन्हाळ्यात वीण कशी झाली याचा अंदाज पोंगच्या काठावर बसून लागतो. मोजायची रीत सोपी : आधी दहा पक्षी एकेक करून मोजायचे, ते दहा नजरेत बसले की तेवढाच तुकडा पुढं सरकवत थवा मोजायचा. मोठ्या थव्यात हाच तुकडा शंभराचा करायचा. हंस दिवसा बहुधा पाण्यावर किंवा वाळूच्या पट्ट्यावर झोपलेले असतात आणि संध्याकाळनंतर शेतांत चरायला जातात. म्हणून सूर्यास्ताचा अर्धा तास चुकवू नये.

सामानाबद्दल थोडक्यात. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची घ्यावी. आठ म्हणजे आठपट जवळ, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. भिंग रुंद तेवढा पहाटेचा उजेड जास्त आत येतो. बारापटीची दुर्बीण हातात थरथरते, नवख्यानं टाळावी. मोठ्या पाण्यावर तिवईवरची स्कोप लागतेच, ती विकत घेण्यापेक्षा बरोबर असणाऱ्याकडून बघून घ्यावं. पंजाबच्या पहाटेला नांदेडचा स्वेटर पुरत नाही; कानटोपी, हातमोजे, जाड मोजे हवेत. कपडे मातकट रंगाचे. पुस्तक म्हणून मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ घरी वाचून जावा. मराठी नावं ठाऊक असली की सोबतच्या माणसांशी बोलणं सोपं होतं.

मेलेला किंवा मान टाकलेला पक्षी दिसला तर हात लावू नये, वनविभागाला कळवावं. २०२०-२१ च्या हिवाळ्यात पोंगवर बर्ड फ्लूनं हजारो पक्षी मेले, त्यांत पट्टकदंब सर्वांत जास्त. त्याच हिवाळ्यात, जानेवारी २०२१ मध्ये, परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्यांत हा रोग आढळला आणि जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला मेलेल्या कावळ्यांत. घरी कोंबड्या असणाऱ्यानं तर पाणथळावरचे बूट गोठ्यात, खुराड्यात नेऊच नयेत.

परत आल्यावर लगेच जानेवारी येतो आणि आशियाई पाणपक्षी गणना सुरू होते. १९८७ पासून दर जानेवारीत ही गणती स्वयंसेवक करतात, भारतातही. उत्तरेत नजर तयार झालेला माणूस तिरूवर किंवा विष्णुपुरीवर तेव्हा खरा कामाला येतो. या दिवसांत हंसाच्या गळ्यावर लक्ष ठेवा. मंगोलियात संशोधकांनी बऱ्याच पट्टकदंबांच्या मानेत रंगीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या घातल्या आहेत आणि त्यांवर लांबून वाचता येतील अशी मोठी अक्षरं-आकडे असतात. असे पट्टीवाले हंस भारतात वेळोवेळी दिसले आहेत. पट्टीचा रंग, त्यावरची अक्षरं, तारीख, तलावाचं आणि जवळच्या गावाचं नाव लिहून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. शक्य तर फोटोसह. अक्षरं अर्धवट वाचली असतील तर अर्धवटच लिहा, अंदाजानं पुरी करू नका.